एवढा मोठा गुन्हा, मग आरोपी सुटतात कसे?

निपाणीकडचा, बेळगावात लॉच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक विद्यार्थी विचारतो: "वकीलसाहेब, एअर इंडियाच्या कनिष्क विमानातल्या बॉम्बस्फोटात ३२९ माणसं गेली आणि दोन प्रमुख आरोपी निर्दोष सुटले. लॉकर्बीच्या विमानस्फोटात एकाला शिक्षा झाली, पण त्याची अपिलं वीस वर्षं चालली. असले आंतरराष्ट्रीय खटले चालवतात कसे आणि अपिलात नेमकं बघतात काय? उद्या आपल्या सांब्रा विमानतळावरून सुटलेल्या विमानात असं काही झालं, तर खटला बेळगावला आणि अपील धारवाडला, असंच ना?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, ते सोपं आहे. नाही. पहिली खबर इथल्या ठाण्यात नोंदवली जाईल, पहिला पंचनामाही इथलेच पोलीस करतील. पण विमान अपहरणविरोधी कायदा २०१६, विमानात बॉम्ब ठेवण्यासारख्या कृत्यांसाठीचा १९८२ चा कायदा आणि यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा, हे तिन्ही एनआयए म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या कायद्याच्या परिशिष्टात आहेत. केंद्राचा आदेश निघाला की तपास एनआयएकडे जातो आणि कर्नाटकातलं त्यांचं विशेष न्यायालय बेंगळुरूत आहे. त्या निकालावरचं अपील धारवाड खंडपीठाकडे येत नाही, बेंगळुरूच्या मुख्य पीठात दोन न्यायाधीशांपुढे चालतं. म्हणजे खानापूरच्या साक्षीदाराला रात्रीच्या गाडीने बेंगळुरू गाठणं आलं. १९५६ पूर्वी आपली अपिलं मुंबई हायकोर्टात जायची, २००८ पासून धारवाडला जाऊ लागली. या असल्या खटल्यांपुरतं मात्र अंतर पुन्हा वाढलं.

मुदतीचं इथेच सांगून टाकतो. एनआयए कायद्याच्या कलम २१ खाली अपिलाला तीस दिवस. सबळ कारण असेल तर हायकोर्ट उशीर माफ करू शकतं, पण नव्वद दिवसांनंतर अपील घ्यायचंच नाही असं कलम म्हणतं. आरोपीच्या अपिलापुरतं हे बंधन सैल वाचणारे निकाल आहेत, पण त्या भरवशावर कुणी राहू नये. साध्या फौजदारी अपिलात दोनशे दिवसांचा उशीर माफ करून घ्यायची सवय आपल्या बारला लागलेली आहे. ती इथे चालत नाही.

आता मूळ प्रश्न. हद्दीचा वाद काय असतो हे सीमाभागातल्या माणसाला शिकवायला नको, महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा आपला दावा सुप्रीम कोर्टात २००४ पासून पडून आहे. विमानाच्या खटल्यात तोच वाद चार-पाच देशांत असतो. लॉकर्बीचंच घ्या. २१ डिसेंबर १९८८ ला पॅन अ‍ॅमचं १०३ क्रमांकाचं विमान लंडनहून न्यूयॉर्कला निघालं आणि अडतीस मिनिटांत स्कॉटलंडवर फुटलं. विमानातले २५९ आणि खाली लॉकर्बी गावातले ११ असे २७० जण गेले. विमान अमेरिकेचं, गुन्ह्याची जागा स्कॉटलंड, बॉम्बची बॅग माल्टात चढवली असा आरोप आणि आरोपी लिबियाचे. खटला कुणी चालवायचा?

१९७१ च्या माँट्रियल कराराचं सूत्र असं, की आरोपी ज्या देशात सापडेल त्याने एकतर त्याच्यावर खटला चालवावा नाहीतर त्याला मागणाऱ्या देशाच्या हवाली करावं. लिबियाने हेच सूत्र पुढे केलं. आमची माणसं, आमच्याकडे सापडली, आम्हीच चालवतो खटला! हे घेऊन ते १९९२ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे मुद्दा अगदीच कच्चा नव्हता. पण तोवर सुरक्षा परिषदेने निर्बंधांचा ठराव केला आणि लिबियाला अंतरिम आदेश मिळाला नाही. शेवटी १९९९ मध्ये तोडगा निघाला. न्यायालय स्कॉटलंडचं, कायदा स्कॉटलंडचा, पण जागा नेदरलँड्समधला कॅम्प झाइस्ट हा जुना लष्करी तळ. ज्यूरी नाही, तीन न्यायाधीश. वाटाघाटीतली ही 'ज्यूरी नाही' एवढी एकच गोष्ट पुढच्या वीस वर्षांच्या अपिलांना पुरली. कारण ज्यूरी कारण न देता निकाल देते आणि न्यायाधीशांना कारणं लिहावी लागतात. लिहिलेल्या कारणांत फट शोधता येते.

भारतातही आरोपी बाहेरून आणायचा म्हणजे काही कबूल करून आणावा लागतो. अबू सालेमला पोर्तुगालने २००५ साली आपल्या ताब्यात दिलं ते फाशी नाही आणि पंचवीस वर्षांपेक्षा जास्त कैद नाही या हमीवर. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारला तो शब्द पाळायला सांगितलं. त्यामुळे असल्या खटल्यात वकील म्हणून पहिला कागद मागायचा तो प्रत्यार्पणाचा आदेश. ज्या गुन्ह्यांसाठी माणूस दिला त्यापलीकडचा आरोप ठेवला असेल, तर मुद्दा आरोपनिश्चितीच्या वेळीच घ्यायचा. खटला चालवायला लागणाऱ्या सरकारी मंजुरीचंही तसंच. यूएपीएखाली मंजुरीसाठी शिफारस करणाऱ्याला सात दिवस आणि सरकारला सात दिवस आहेत, आणि ही मुदत काटेकोर पाळायची असं सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये फुलेश्वर गोपे निकालात सांगितलं. पण त्याच निकालात असंही आहे की मंजुरीला आव्हान द्यायचं तर वेळेवर द्या. खटला संपल्यावर अपिलात हा मुद्दा नव्याने काढणाऱ्याकडे न्यायाधीश कसे बघतात हे कुठल्याही हायकोर्टात मागच्या बाकावर तासभर बसलात तर कळेल.

इथून पुढे पुरावा, आणि माझ्या मते सगळा खेळ इथेच आहे. गुन्हा केवढा मोठा आहे याने खटल्यात काहीही सिद्ध होत नाही. तीनशे मृतदेहांचे पंचनामे मृत्यू सिद्ध करतात, आरोपी नाही. आरोपी सिद्ध होतो तो नखाएवढ्या तुकड्यावर, एका पावतीवर, एका दुकानदाराच्या आठवणीवर. हे तीनही लॉकर्बीत होते, म्हणून तोच खटला जरा जवळून बघू.

स्कॉटलंडच्या माळावर मैलोगणती पसरलेल्या अवशेषांतून पोलिसांनी एक करपलेला कापडाचा तुकडा उचलला. पुढे प्रयोगशाळेत त्यात सर्किटबोर्डाचा नखाएवढा तुकडा निघाला आणि तो झुरिकच्या मेबो कंपनीच्या टायमरचा असल्याचं अभियोग पक्षाने मांडलं. मेबोने तसे टायमर लिबियाला पुरवले होते. आता त्या पिशवीचं लेबल बघा. पोलिसाने आधी त्यावर 'करपलेलं कापड' अशी नोंद केली होती, ती नंतर खोडून 'करपलेले अवशेष' अशी केलेली. उलटतपासात त्या पोलिसाला याचा धड खुलासा देता आला नाही. त्याची साक्ष फार तर गोंधळलेली आणि वाईटात वाईट म्हणजे टाळाटाळीची आहे, असं न्यायाधीशांनी निकालपत्रातच लिहिलं. तरीही तुकडा तिथेच सापडला हे त्यांनी मानलं, कारण बाकीच्या नोंदी जुळत होत्या.

आपल्याकडच्या कुठल्याही सेशन्स केसमध्ये हाच प्रसंग रोज घडतो. मुद्देमालाच्या पुडक्यावरच्या लेबलात खाडाखोड, लाखेवरचा ठसा पुसट, पंचनाम्यात 'एक काळी बॅग' आणि मुद्देमाल रजिस्टरात 'एक निळसर बॅग'. पंच म्हणतो, मी ठाण्यात सही केली. बचावाच्या वकिलाचा अर्धा दिवस त्यावर जातो आणि जायलाच पाहिजे. सरकारी वकिलाने करायची गोष्ट एवढीच, की साक्षीदार पिंजऱ्यात जायच्या आधी पुडकं स्वतः बघायचं, खाडाखोड असेल तर सरतपासातच, म्हणजे आपण स्वतः प्रश्न विचारतानाच, त्याचा खुलासा काढून घ्यायचा. ती गोष्ट उलटतपासात बाहेर आली की लपवल्यासारखी दिसते, आणि अपिलाच्या पेपरबुकात (खटल्याच्या कागदांच्या छापील संचात) तशीच छापून जाते.

दुसरी गोष्ट पावतीची. बॅग माल्टाहून एअर माल्टाच्या विमानाने फ्रँकफर्टला, तिथून लंडनला आणि लंडनला १०३ मध्ये आली, हा अभियोगाचा दावा. फ्रँकफर्ट विमानतळाच्या संगणकातल्या सामानाच्या नोंदी काही दिवसांनी आपोआप जात असत. त्या दिवसाची एक छापील प्रत उरली ती केवळ तिथल्या एका कर्मचारी बाईंनी आठवण म्हणून स्वतःजवळ ठेवली होती म्हणून. दोन खंडांतल्या तपास यंत्रणा कामाला लागल्या होत्या आणि बॅगेच्या प्रवासाचा मुख्य कागद कुणाच्या तरी कपाटात! आज तेच काम सीसीटीव्हीचं आहे. साठवण भरली की वर नवं चित्रण चढतं. म्हणून घटना घडली त्या दिवशीच विमानतळाला, विमान कंपनीला, टॅक्सी स्टँडला लेखी पत्र द्यायचं, की अमुक वेळेचं चित्रण जपून ठेवा. आरोपीच्या वकिलानेही द्यावं. आपला माणूस त्या वेळी दुसरीकडे होता हे सिद्ध करणारं चित्रणसुद्धा त्याच यंत्रात असतं. आणि ते कोर्टात आणायचं तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं. अर्जुन पंडितराव खोतकर निकाल, २०२०, जालन्याची निवडणूक याचिका. सीमाभागातल्या वकिलांना हा निकाल पाठ असायला हवा. परदेशी विमान कंपनीच्या नोंदी असतील तर ते प्रमाणपत्र परदेशातून, विनंतीपत्राच्या वाटेने आणावं लागतं आणि त्या वाटेला महिने नाहीत, वर्षं लागतात.

तिसरा, दुकानदार. बॉम्बच्या बॅगेतले कपडे माल्टातल्या स्लीमा गावच्या 'मेरीज हाऊस' दुकानातले निघाले. मालक टोनी गाउची. त्याने पोलिसांना प्रथम सांगितलं, गिऱ्हाईक पन्नाशीचं, सहा फूट उंच. आरोपी अब्देलबासित अल मेग्राही त्या वेळी छत्तीस वर्षांचा, पाच फूट आठ इंच. विक्रीची तारीख गाउचीला आठवत नव्हती. पाऊस भुरभुरत होता, गिऱ्हाइकाने छत्री घेतली, रस्त्यावर नाताळची रोषणाई अजून लागलेली नव्हती, एवढं आठवत होतं. मेग्राही माल्टात होता ७ डिसेंबरला. हवामान खात्याची साक्ष आली की त्या दिवशी तिथे पाऊस पडल्याची शक्यता फारच कमी. आणि पुढे असं समोर आलं की रोषणाई ६ तारखेलाच सुरू झाली होती. शिवाय १९९९ मधल्या ओळख परेडच्या चार दिवस आधी गाउचीच्या हातात मेग्राहीचा फोटो असलेलं मासिक होतं, हे खटल्याच्या वेळी बचाव पक्षाला सांगितलंच गेलं नव्हतं. बक्षिसाच्या रकमेत त्याला रस होता, ही पोलिसांच्या डायरीतली नोंदही बचावाला दिली गेली नव्हती.

इकडे आपल्याकडे काय होतं? आरोपी पकडला की त्याच दिवशी पोलीस अधिकाऱ्यांच्या मधे उभा करून फोटो, दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरात आणि त्याआधी व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रत्येक ग्रुपवर. मग पंधरा दिवसांनी तहसीलदारसाहेब कारागृहात ओळख परेड घेतात. त्या परेडला काय अर्थ उरला? उलटतपासात तो पेपर दाखवायचा, साक्षीदार घरी कुठला पेपर घेतो ते विचारायचं आणि पेपरवर पुरावा म्हणून निशाणी (एक्झिबिट क्रमांक) पाडून घ्यायची. निशाणी पडली नाही तर अपिलात तो कागद नाहीच.

३१ जानेवारी २००१ ला मेग्राही दोषी ठरला, त्याचा सहआरोपी फिमा सुटला. बॅग माल्टाच्या विमानात चढवली कशी याचा कुठलाच खुलासा नाही आणि ही अभियोग पक्षापुढची मोठी अडचण आहे, हे न्यायाधीशांनी स्वतः निकालात म्हटलंय. तरी बाकीच्या परिस्थितीवरून त्यांनी निष्कर्ष काढला. आपल्याकडे परिस्थितीजन्य पुराव्याची कसोटी म्हणजे शरद सारडा निकाल, १९८४, पुण्याचा खटला. प्रत्येक कडी सिद्ध झालेली हवी आणि साखळी अशी हवी की आरोपी दोषी यापलीकडे दुसरी शक्यताच उरू नये. माझं मत विचाराल तर सारडाच्या कसोटीवर मेग्राहीची शिक्षा आपल्या हायकोर्टात टिकली नसती. स्कॉटलंडच्या पाच-पाच न्यायाधीशांच्या पीठांनी दोनदा ती कायम केली हे मला माहीत आहे, त्यांची निकालपत्रंही मी वाचली आहेत, तरी मत तेच आहे.

आणि ती अपिलं वाचताना एक गोष्ट लक्षात येते. २००२ च्या पहिल्या अपिलात मेग्राहीच्या वकिलांनी 'एवढ्या पुराव्यावर कुठलंही समंजस न्यायालय दोषी ठरवू शकलं नसतं' हा मुद्दा घेतलाच नाही. घेत नाही असं स्पष्ट सांगितलं. त्यांचा भर न्यायाधीशांनी पुराव्याची हाताळणी कशी केली यावर आणि हीथ्रोवर आदल्या रात्री सामानाच्या भागाचं कुलूप तुटलं होतं या नव्या पुराव्यावर होता. अपील न्यायालयाने नवा पुरावा ऐकला, त्याने निकाल बदलला नसता असं ठरवलं, आणि पुरावा पुरेसा होता की नाही हा प्रश्न आमच्यापुढे नाही असं नोंदवलं. पुढे २००७ मध्ये संशयास्पद शिक्षा पुन्हा तपासणाऱ्या तिथल्या फेरविचार आयोगाने आठशेहून अधिक पानांचा अहवाल देऊन प्रकरण सहा कारणांवर परत पाठवलं. पण २००९ मध्ये मेग्राहीने, कर्करोगाने खंगलेल्या अवस्थेत, अपील मागे घेतलं आणि दयेवर सुटून लिबियाला गेला. २०१२ मध्ये वारला. तो न घेतलेला मुद्दा अखेर त्याच्या मुलाने लढवलेल्या मरणोत्तर अपिलात घेतला गेला, गाउचीबद्दलच्या लपवलेल्या कागदांसह. १५ जानेवारी २०२१ ला तोही फेटाळला. जो मुद्दा २००२ मध्ये ताज्या तव्यावर पडायला हवा होता तो एकोणीस वर्षांनी, साक्षीदार आणि आरोपी दोघंही गेल्यावर मांडला गेला. पहिल्या अपिलाच्या मेमोमध्ये कारणं लिहिताना हे आठवा. टाळता येण्याजोगा एखादा मुद्दा जास्त गेला तर न्यायाधीश कपाळाला आठी घालतील, पण सुटलेला मुद्दा परत आणायला आपल्याकडे फेरविचार आयोगसुद्धा नाही. पुनर्विलोकन, मग क्युरेटिव्ह याचिका, मग राष्ट्रपती. झालं.

आता कनिष्क. २३ जून १९८५, एअर इंडिया १८२, आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ. त्याच दिवशी जपानच्या नारिता विमानतळावर दुसरी बॅग फुटली आणि सामान हलवणारे दोन कामगार मेले. दोन्ही बॅगा व्हँकुव्हरहून निघालेल्या आणि कनिष्कातल्या बॅगेचा मालक विमानात बसलाच नव्हता. बॉम्बचं साहित्य जुळवणाऱ्या इंदरजितसिंग रेयातला शिक्षा झाली, पुढे खोट्या साक्षीसाठीही झाली. मलिक आणि बागडी या दोन प्रमुख आरोपींवरचा खटला एप्रिल २००३ ला सुरू झाला आणि १६ मार्च २००५ ला न्यायमूर्ती जोसेफसन यांनी दोघांना सोडलं. कट व्हँकुव्हरच्या गटाचा, म्होरक्या तलविंदरसिंग परमार, हे त्यांनी मानलं. परमार १९९२ मध्येच पंजाबात मारला गेला होता. या दोघांचा सहभाग मात्र संशयापलीकडे सिद्ध झाला नाही. अभियोगाचा एक मुख्य साक्षीदार एफबीआयकडून मोठी रक्कम घेतलेला खबऱ्या होता. पत्रकार तारासिंग हेयर यांनी पोलिसांना जबाब दिला होता, १९९८ मध्ये त्यांचा खून झाला, आणि मेलेल्या माणसाची उलटतपासणी होत नाही म्हणून तो जबाब पुराव्यात आला नाही. परमारच्या फोनचं ध्वनिमुद्रण कॅनडाच्या गुप्तचर खात्याकडे होतं, त्यांनी त्यातल्या बहुतेक टेप पुसून टाकल्या होत्या. न्यायमूर्तींनी त्याला अक्षम्य हयगय म्हटलं. अशा पुराव्यावर दिलेला तो निकाल मला बरोबर वाटतो. कडू आहे, पण चुकीचा नाही. दोष निकालाचा नाही, वीस वर्षं आधी टेप पुसणाऱ्यांचा आहे.

तुमच्या अपिलाच्या प्रश्नाचा खरा गाभा इथे आहे. कॅनडात निर्दोष सुटकेवर सरकारला अपील करता येतं ते फक्त कायद्याच्या मुद्द्यावर. साक्षीदार खरा की खोटा हे न्यायाधीशाने ठरवलं की संपलं. म्हणून कनिष्कमध्ये सरकारने अपिलाचा नाद सोडला. आपल्याकडे सुटकेवरचं अपील पुराव्यावरही चालतं. हायकोर्ट सगळा पुरावा नव्याने तपासू शकतं. मर्यादा कुठली, तर चंद्रप्पा विरुद्ध कर्नाटक राज्य, २००७ : त्याच पुराव्यावर दोन मतं शक्य असतील आणि खालच्या कोर्टाने आरोपीच्या बाजूचं घेतलं असेल, तर ते उलटवू नये. सरकारी वकील म्हणून अपील लिहिताना 'न्यायाधीशांनी पुरावा नीट तपासला नाही' असलं ठोकळेबाज वाक्य निरुपयोगी आहे. खालच्या कोर्टाचं मत शक्यच नव्हतं, हे कुठल्या साक्षीच्या कुठल्या परिच्छेदावरून दिसतं ते दाखवावं लागतं.

पीडितांच्या नातेवाइकांचं आपल्याकडे बरं आहे. २००९ पासून त्यांना सुटकेविरुद्ध स्वतःचं अपील आहे, आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, कलम ४१३ मध्ये आलंय, आणि सुटकेवरच्या अपिलात त्यासाठी परवानगीची गरज नाही हे मल्लिकार्जुन कोडगली निकालाने २०१८ मध्ये ठरवलं. तोही कर्नाटकातलाच. लॉकर्बीत उलटा प्रकार झाला. मेग्राही निरपराध होता असं मानणाऱ्या काही मृतांच्या नातेवाइकांनी त्याच्या वतीने अपील चालवायला मागितलं, तर २०१५ मध्ये कोर्टाने त्यांना तो हक्कच नाही म्हटलं. असा अर्ज आपल्या कायद्यातही बसत नाही. आरोपी अपील चालू असताना मेला तर त्याच्या जवळच्या नातेवाइकांना ते पुढे चालवायला तीस दिवसांत अर्ज करता येतो, मृतांच्या नातेवाइकांना नाही.

लपवलेल्या कागदांबद्दल आपला कायदा मात्र कच्चा आहे. आरोपपत्राबरोबर ज्या कागदांवर अभियोगाची भिस्त आहे तेवढेच मिळतात. बाकीचे पोलिसांच्या कपाटात. सुप्रीम कोर्टाने २०२१ च्या मार्गदर्शक नियमांत, आणि पुढे २०२२ च्या मनोज निकालात, ज्यांच्यावर भिस्त नाही अशा कागदांची आणि जबाबांचीही यादी आरोपीला द्यायला सांगितली. प्रत्यक्षात मागितल्याशिवाय कुणी देत नाही. म्हणून लेखी अर्ज द्यायचा. नामंजूर झाला तरी चालेल. नामंजुरीचा आदेश हाच अपिलातला मुद्दा असतो.

भारतातलं एक ताजं उदाहरण सांगतो, कारण त्यात दोन्ही टोकं दिसतात. ऑक्टोबर २०१७, मुंबई-दिल्ली जेट विमान. टॉयलेटमध्ये चिठ्ठी सापडली की विमानात अपहरणकर्ते आहेत, विमान पाकव्याप्त काश्मीरकडे न्या. विमान अहमदाबादला उतरवलं. २०१६ च्या कायद्याखालची ही पहिली शिक्षा : विशेष न्यायालयाने २०१९ मध्ये मुंबईच्या एका व्यावसायिकाला जन्मठेप आणि पाच कोटी रुपये दंड केला. कायदा कडक, शिक्षा कडक, बातमी मोठी. ऑगस्ट २०२३ मध्ये गुजरात हायकोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. चिठ्ठी त्यानेच तयार केली, त्यानेच ठेवली, हे संशयापलीकडे सिद्ध झालेलं नाही म्हणून. कंदाहारच्या आयसी ८१४ मध्येही पतियाळाच्या न्यायालयाने २००८ साली तिघांना जन्मठेप दिली होती. २०१४ मध्ये हायकोर्टाने एकाची कायम ठेवली, दोघांना अपहरणाच्या कटातून मोकळं केलं. खालच्या कोर्टावर वातावरणाचं ओझं असतं, अपिलाच्या टेबलावर फक्त कागद.

त्या कागदाबद्दल सीमाभागातल्या वकिलाला वेगळी काळजी घ्यावी लागते. आपला साक्षीदार मराठीत बोलतो, ठाण्यातला जबाब कन्नडमध्ये उतरलेला असतो, विशेष न्यायालयात साक्ष दुभाष्यामार्फत इंग्रजीत टाइप होते. अपिलाचे न्यायाधीश ते इंग्रजीच वाचतात, साक्षीदाराचा सूर त्यांना ऐकू येत नाही. 'बॅग बघितली असंल, ध्यानात नाही' असं एखादी बाई म्हणते आणि कागदावर 'बॅग पाहिली' एवढंच उतरतं. साक्ष वाचून दाखवताना कान देऊन ऐकायचं आणि तिथल्या तिथे हरकत नोंदवून घ्यायची. निकालानंतर प्रतिज्ञापत्र करून त्या बाईचं खरं म्हणणं सांगायला गेलात तर ते कुणी मनावर घेणार नाही. अपिलात जादा पुरावा घेण्याची तरतूद आहे, पण ती झोपलेल्या वकिलासाठी नाही.

तुम्ही विद्यार्थी आहात म्हणून वाचायचा क्रम सांगतो. आधी सारडा, मग चंद्रप्पा, मग लॉकर्बीचं २००१ चं मूळ निकालपत्र. ते ८० पानांच्या आसपास आहे आणि इंग्रजी सोपं आहे. त्यानंतर २००२ चं अपील वाचा, आणि प्रत्येक मुद्द्यापाशी थांबून बघा की हा मुद्दा खटल्यात कुठल्या साक्षीत रोवला होता. जोसेफसन यांचं निकालपत्र लांबलचक आहे, पण साक्षीदाराच्या विश्वासार्हतेवरचा भाग तरी वाचा. आणि वकिली सुरू केलीत की पहिल्याच केसपासून एक सवय लावून घ्या : निकाल लागला की त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नकलेचा अर्ज टाकायचा, पावतीवर तारीख आणि वेळ घालून घ्यायची आणि ती पावती फाइलच्या आतल्या पुठ्ठ्याला चिकटवायची. तीस दिवसांचा हिशेब करताना नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस वजा होतात, ते त्याच पावतीवरून.